काकाजींच्या नावावरची खोट

मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झालो तेव्हा शाळेनं शाल आणि नारळ दिला, पण लाल पेन काही काढून घेतलं नाही. ते अजून माझ्या खिशात असतं. बायको म्हणते, "तुमच्या ताटात वरण वाढताना बी माझा हात थरथरते." हे साफ खोटं आहे, तिचा हात कशानंच थरथरत नाही. पण तिला काय म्हणायचं आहे ते मला कळतं. आज जे लिहायला बसलो आहे तेही त्यातलंच आहे.

लिहायचं आहे ते सौसरच्या काकाजींबद्दल. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आम्हा जुन्या मोटारगाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये ते वयानं वडील होते, म्हणून सगळ्यांचेच काकाजी. आमचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे पाटी नाही, कार्यालय नाही. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, एखाददुसरा छिंदवाड्याचा, असे दहा-बारा लोक. कोणाची आजोबांची गाडी, कोणाची सासऱ्यांची. माझी माझ्या वडिलांची. ते संत्र्यांचे व्यापारी होते आणि एका चांगल्या बहाराच्या वर्षी त्यांनी ही पांढरट गाडी घेतली. मला ती आयती मिळाली, आणि आयत्या मिळालेल्या गोष्टीचा माणसाला जरा जास्तच अभिमान असतो.

काकाजींना काहीच आयतं मिळालं नव्हतं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाशेजारी मालकाची एक जुनी गाडी वर्षानुवर्षं पडून होती, सीटखाली कोंबड्या अंडी घालत. मालकानं ती भंगारात काढली तेव्हा काकाजींनी मागून घेतली आणि बैलजोडी लावून घरी ओढत नेली. सौसरचे लोक त्या वरातीला हसले होते असं ते स्वतःच सांगत. मग सात वर्षं, ड्युटीवरून आल्यावर आणि रविवारी, ते ती गाडी उभी करत होते. जो भाग मिळत नव्हता तो शोधत राहिले, मिळेपर्यंत थांबले, आणि गाडी पूर्ण झाली तेव्हा तिच्यातला खिळासुद्धा मूळचा होता. त्यांची गाडी गडद हिरवी, माझी पांढरट, पण दोन्ही एकाच साच्यातल्या. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की आमच्या मंडळातले वाद सुरू होतात आणि मग जेवायची वेळ निघून जाते.

त्यांचा कान फार तयार होता. गाडी बिघडली की मी फोन करायचो आणि ते म्हणायचे, "सर, फोन बॉनेटपाशी धरा." मग पलीकडून काही आवाज नाही. मिनिटभरानं सांगायचे, काय आहे ते. एकदा माझी गाडी दोन-तीन मैल चालली की बंद पडायची, जरा थांबली की पुन्हा चालायची. पांढुर्ण्याच्या दोन मेकॅनिकांनी हात टेकले. काकाजींनी ऐकलं आणि विचारलं, "टाकीच्या झाकणाले काही केलं काय जी तुम्ही?"

केलं होतं. पेट्रोलचा वास येतो म्हणून झाकणातलं बारीक छिद्र मी पक्कं बुजवून टाकलं होतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल पुढं जाणार कसं, हे आठवीच्या पोरालाही कळतं, आणि मी तर मास्तर होतो. "हवा तं घेऊ द्या तिले," काकाजी म्हणाले आणि हसले. ही माझी चूक त्यांनी कोणालाही सांगितली नाही. मंडळातल्या एकाही माणसाला आजपर्यंत ती माहीत नव्हती, आता इथं लिहिली म्हणून कळेल.

त्यांच्याकडं गाडी नेली की ते स्वतः हात लावत नसत. "पाना तुम्ही धरा, मी सांगतो." काढलेला प्रत्येक स्क्रू जेवायच्या ताटात, काढला त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडं. परत बसवताना उजवीकडून डावीकडं. माझ्यासारख्या वह्या तपासणाऱ्या माणसाचे हात त्यांनी साठीत कामाला लावले. एखादा स्क्रू मी उलटा फिरवत बसलो तरी ते गप्प बसून राहायचे, आणि माझ्या आपणहून लक्षात आलं की मान हलवायचे. मी वर्गात असा एक दिवसही गप्प बसलो नाही. त्यांच्यापाशी बसून मला पुष्कळदा वाटलं की हा माणूस माझ्यापेक्षा फार चांगला मास्तर झाला असता.

आमच्या मंडळाची एक रीत आहे, आणि ती काकाजींनीच पाडली. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्या गाड्या जामसांवलीला जमतात; तिथला मारुती आडवा निजलेला आहे. देवळापासून जरा लांब लिंबाच्या झाडांखाली मोकळं मैदान आहे, तिथं. बहुतेक जण दर्शन घेऊन येतात. काकाजी बौद्ध, ते देवळात जात नसत. गाड्यांपाशी थांबत, आणि आम्ही प्रसाद घेऊन परत येईपर्यंत दोन-तीन गाड्यांची कुरकुर त्यांनी गुपचूप मिटवलेली असे. "इथं हॉर्न वाजवाचा नाही," असं ते नव्या माणसाला बजावत, "देव निजून आहे, झोपलेल्याले उठवू नये."

मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या गाडीचं बॉनेट आपण उघडायचं आणि खोट काढायची. एक तरी. ती खोटवहीत लिहायची, खाली सही करायची. किरकोळ धूळ, सैल पट्टा असेल तर तिथल्या तिथं निस्तरायचं. पण एखादा भाग मूळचा नसेल, दुसराच बसवला असेल, तर ती मोठी खोट. मोठी खोट असलेली गाडी मागच्या रांगेत उभी करायची आणि वर्षभरात ती दुरुस्त करायची. आणि ज्यानं खोट काढली त्यानंच ती वहीतून खोडायची, दुसऱ्या कोणी नाही. काकाजी म्हणत, "गाडीचं कौतुक तं कोणीबी करते. खोट आपल्या माणसानं सांगावी."

मला ही रीत किती आवडली असेल ते सांगायला नको.

आता आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मुलीचं लग्न होतं. लहानपणापासून तिचं एकच पालुपद होतं, सासरी जाईन तर आजोबांच्या गाडीतून. वडिलांनी तिला त्या गाडीत बसवून सगळं पांढुर्णा दाखवलं होतं, आणि ते गेल्यावर ती गाडी म्हणजेच तिला आजोबा. लग्नाला चार दिवस राहिले असताना मी पत्रिका वाटून परत येत होतो, तर तिगाव स्टेशनच्या अलीकडं गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं. या गाड्यांत टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं खेचणारा एक छोटा पंप असतो, आणि त्याला एक काचेची वाटी असते. पेट्रोल आधी त्या वाटीत येतं, कचरा खाली बसतो, स्वच्छ पेट्रोल पुढं जातं. ती वाटी तडकली होती, आणि पंप इंजिनाला जोडणारा कानही तुटला होता.

मी फोन केला, आणि काकाजी संध्याकाळपर्यंत आले. त्यांनी पंप काढायला लावला, दुपट्ट्यात बांधला आणि काखेत मारला. म्हणाले, "लग्नाची कामं करा सर. हे मी पाहतो."

चौथ्या दिवशी सकाळी, घरात हळदीची गडबड चालू असताना, ते आले. बसनं आले. मला तेव्हाच जरा नवल वाटलं, कारण पांढुर्ण्याला ते स्वतःच्या गाडीनंच यायचे. पण त्या दिवशी मला पन्नास गोष्टी पाहायच्या होत्या. त्यांनी पिशवीतून पंप काढला. स्वच्छ, अखंड, वाटी निर्मळ. पाना माझ्या हातात दिला आणि माझ्याचकडून बसवून घेतला. वाटी पंपाला धरून ठेवायला खालून एक तार असते. ती तार सायकलच्या स्पोकची होती, टोकाला आटेसुद्धा दिसत होते.

"काकाजी, ही तार सायकलची दिसते," मी म्हटलं. घरात लग्न, दारात मांडव, आणि मी हे म्हटलं.

"सायकलचीच होय. पण धरते चांगली."

"आणि पंप? मूळचाच ना?"

"पंप वरिजनल आहे सर. बेफिकीर राहा."

मुलगी आजोबांच्या गाडीतून सासरी गेली. मी चालवली. इतका रडत होतो की मोहगावपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच नेली असं जावई अजून सांगतात. लग्नालाही काकाजी बायको-मुलीला घेऊन बसनंच आले होते. गाडी का नाही आणली विचारलं, तर म्हणाले, "तिची तब्येत बरी नाही जी." दोन-अडीच महिने त्यांची हिरवी गाडी कोणाला दिसली नाही. पुढच्या संक्रांतीनंतर जामसांवलीला आली तेव्हा पहिल्यासारखीच धावत होती, म्हणून मी तो विषय विसरलो.

गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, आणि मला काकाजींची चिठ्ठी आली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. त्यांच्या गाडीत आजवर कोणाला सैल स्क्रूपलीकडं काही सापडलं नव्हतं. मी चष्मा पुसला, बाह्या सारल्या आणि बॉनेट उघडलं. दहा मिनिटं शोधलं. आणि मग मला तो पंप दिसला. खालचं धड ट्रॅक्टरच्या पंपाचं आणि वर काचेच्या ऐवजी पितळेची वाटी. लेथवर कातलेली, सुबक, घासून लखलखीत केलेली. पण मूळची नव्हे. कंपनीनं असा पंप कधी केलाच नव्हता.

"सापडली!" मी ओरडलो. सगळे धावत आले. नंतर कळलं की दोघा-तिघांना ती पितळेची वाटी आधीच्या वर्षांत दिसली होती, पण काकाजींना कोण सांगणार म्हणून ते गप्प राहिले होते. मी गप्प राहणाऱ्यांतला नाही. मी सगळ्यांसमोर दोन मिनिटं समजावून सांगितलं, मूळ पंप कसा असतो, काच का हवी, पितळेत आतलं दिसत कसं नाही. फळा तेवढा नव्हता.

काकाजी ऐकत होते. मग म्हणाले, "बरोबर पकडलं सर. लिहा."

मी लाल पेन काढलं आणि वहीत लिहिलं: पंप बनावटी, मूळ पंप बसवावा. खाली सही. काकाजींनी वही हातात घेऊन वाचली. थोडा वेळ वाचतच राहिले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "सर, 'बनावटी'च्या जागी 'घरी केलेला' लिहता काय?"

"काकाजी, नियम तुमचाच आहे," मी म्हटलं. "वहीत नरमाई कशी चालेल?"

"हाव. तेबी खरं आहे."

ते गाडीत बसले, गाडी मागं घेतली आणि मागच्या रांगेत एकटी उभी केली. मग तिच्याच सावलीत बसून सगळ्यांना संत्री सोलून देत राहिले. मलाही दिलं. मी खाल्लं आणि गोड आहे म्हणून दुसरं मागितलं. घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं विचारलं, "काकाजी काय म्हणाले?" मी म्हटलं, "हसले." "मग झालं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

गोटमारीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या आमच्या जत्रेच्या, आधीच्या आठवड्यात फोन आला. काकाजींनी दुपारपर्यंत घरच्या लेथवर काम केलं होतं, चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मी सौसरला गेलो. आळीत गर्दी मावत नव्हती. ट्रॅक्टरवाले, जिनिंगचे जुने कामगार, आमच्या मंडळातले मोहगावचे डॉक्टर, आणि कोण कोण. नंतर विहारात लोक बोलले, मीही बोललो. म्हणालो, इतका अचूक माणूस मी पाहिला नाही. मनापासून म्हणालो, डोळे भरून आले होते. त्या वेळी लाल शाईतली ती ओळ मला आठवलीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. ती सौसरच्या तहसील कार्यालयात नोकरीला आहे, आईजवळ राहते, गाडी बापासारखीच सफाईनं चालवते. म्हणाली, "सर, एक काम होतं. घरी येता काय?" मी गेलो. हिरवी गाडी टिनाच्या शेडमध्ये पुसून ठेवलेली होती.

"सर, बाबायच्या नावावर खोट राहून गेली," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत त्यायची गाडी कधी मागच्या लाइनीत उभी नाही राहिली. वर्ष संपाच्या आत ती मिटवाची आहे मले. जामसांवलीले गाडी मी आणीन, पण समोरच्या लाइनीत. वरिजनल पंप शोधून द्या तुम्ही, तुमच्या ओळखी आहेत."

नियम वाकवा असं ती म्हणाली नाही. लाल रेघ मारून टाका असंही नाही. बापानं घातलेल्या नियमानंच बापाचं नाव तिला निर्मळ करायचं होतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी तिथल्या तिथं शब्द दिला.

महिनाभर मी शोधलं. नागपूरच्या भंगार बाजारात चार फेऱ्या झाल्या. इंदूर, जबलपूर, जिथं म्हणून जुने गाडीवाले माहीत होते तिथं फोन केले. पंप मिळाला नाही. तेव्हा एक प्रश्न मला पडायला हवा होता: सात वर्षं एकेक खिळा शोधणारा माणूस पितळेच्या वाटीवर का थांबला? तो मला पडला नाही. संक्रांतीच्या आसपास मी हात हलवत पुन्हा सौसरला गेलो. माझ्या गाडीनंच गेलो, तिच्या फाटकासमोर लावली.

"एखादा जुना फोटो तरी असेल तर पाहू," मी म्हटलं. "निदान नेमका कोणता पंप ते कळेल."

"फोटो कायचा जी," तिनं चहा पुढं केला. "पण मले पाठ आहे तो. माझं कामच होतं ना ते. गाडी चार-आठ दिवस उभी राहिली का वाटीतलं पेट्रोल उतरून जाये. मंग बाबा अंदर बसून स्टार्टर मारत, अन् मी वाटीपाशी डोळे लावून उभी. पेट्रोल चढलं का मी ओरडाची, आलं बाबा आलं! इतकीशी होती मी, तवापासून. तिची तार तुटली तं बाबायनं माझ्या सायकलचा स्पोक काढून लावला. माझी पह्यली सायकल. मी रडली होती त्यापायी."

माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"मग तो पंप गेला कुठं?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

"देऊन टाकला. आठ वर्षं झाले. आईनं विचारलं तं म्हणे, एकाच्या पोरीचं लग्न आहे, त्याची गाडी बंद पडली. आपली राहीन दोन महिने उभी, आपल्या घरी कोणतं लग्न आहे. मंग त्यायनं लेथवर दुसरा केला. कोणाले देला ते नाही सांगतलं. म्हणे, सांगतलं तं त्या माणसाले जड जाईन." तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या ध्यानात येते काय सर, कोण असन?"

फाटकापलीकडं, वीस पावलांवर, माझी गाडी उभी होती.

"पाहतो," मी म्हणालो.

हे लिहायला मला आज लाज वाटते, तेव्हा बोलायला वाटली नाही. मी उठलो, गाडीत बसलो आणि निघालो. मोहगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं. काय दिसणार हे माहीत होतं तरी उघडलं. वाटी पेट्रोलनं भरलेली, आणि तिच्याखाली सायकलचा स्पोक, टोकाला आटे. कंपनीची तार आणून तो बदलायचा असं मी आठ वर्षं म्हणत होतो. आठ वर्षं मी काकाजींच्या पंपावर गाडी चालवली, लोकांना बॉनेट उघडून दाखवलं की पाहा, एक तार सोडली तर सगळं मूळचं आहे. आणि ज्यानं तो काढून दिला, त्याच्या गाडीतल्या त्याच जागेकडं बोट दाखवून मीच ओरडलो होतो, सापडली म्हणून. त्यांनी नुसतं एवढं जरी म्हटलं असतं की सर, जरा तुमचं बॉनेट उघडा, तरी मी तिथंच जमिनीत गेलो असतो. ते म्हणाले नाहीत. एक शब्द बदलायला सांगितला, आणि तेवढाही मी बदलला नाही.

पाच दिवस तसेच गेले. तऱ्हेतऱ्हेचे हिशेब मांडले. पंप काढून कुरिअरनं पाठवावा, नागपूरला मिळाला म्हणावं. गाडी नादुरुस्त आहे म्हणून या वर्षी जामसांवलीला जाऊच नये. शेवटी बायकोनंच विचारलं, काय होऊन राहिलं तुम्हाले. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला वाटलं आता चांगलं सुनावणार.

"मंग बोला ना चारचौघांत," ती म्हणाली. "खोट काढाले तुमचा आवाज केवढा निंघते."

शनिवारी मी जामसांवलीला लवकर पोचलो. हिरवी गाडी माझ्याही आधी आली होती, आणि मागच्या रांगेत उभी होती. पंप मिळाला नाही म्हणून काकाजींच्या पोरीनं स्वतःच ती तिथं लावली होती. मी माझी गाडी तिच्या शेजारी नेऊन उभी केली. मोहगावचे डॉक्टर हात करत आले. "सर, तुमची जागा समोर आहे ना?" मी त्यांना जवळ बोलावलं. बॉनेट उघडलं. सगळे जमेपर्यंत मी स्पोक सैल केला, वाटी काढली, तिच्यातलं पेट्रोल डब्यात ओतलं.

मी रात्री मनात भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. मग जसं झालं तसं सांगून टाकलं. तिगावला गाडी बंद पडली ते, बसनं आलेले काकाजी, स्पोक, सगळं. टाकीच्या झाकणाचं मात्र अजूनही राहून गेलं. "हा पंप त्या गाडीचा आहे," मी शेवटी म्हणालो. "पाना आणला आहे. आता बदलून टाकतो."

 काकाजींच्या मुलीनं माझ्या हातातून ती रिकामी वाटी घेतली, उन्हाकडं धरून पाहिली. मग स्पोकच्या आट्यांवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी, घरी, तुम्हाले माहीत होतं सर?"

"तू स्पोकचं सांगितलंस तेव्हा कळलं."

"अन् तुम्ही पाहतो म्हणाले."

"हो."

तिनं वाटी पदरानं पुसली. मला वाटलं, आता जे काही ती बोलेल ते मी मुकाट ऐकून घ्यायचं. "जड जाईन म्हणत होते बाबा," ती म्हणाली. "बरोबर म्हणत होते." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पाना उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि फडक्यावर ठेवला.

"त्यायनं देलेली वस्तू वापस नाही नेणार मी. राहू द्या तुमच्याच गाडीत."

"मग खोट?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात खोटवही होती. "सर, तुम्हीच काढली, तुम्हीच खोडा. आता कोणाची हरकत नाही."

मी वही उघडली, लाल पेन काढलं. सगळ्यांच्या माना हलल्या. पण पोरीनं हात आडवा केला.

"खोडू नका. पंप घरचाच आहे, घरचाच राहीन. वही वाचणारा विचारन, या गाडीची खोट काहून राहिली, तं सांगता येईन." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबायनं एक शब्द बदलाले सांगतला होता, घरी आल्यावर बोलले होते आईजवळ. तेवढा बदला."

मी 'बनावटी'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'घरी केलेला'. चाळीस वर्षांत मी माझी स्वतःची चूक लाल शाईनं दुरुस्त केली, ती ही पहिली. ते अक्षर वहीत अजून वाकडं दिसतं.

तोवर तिनं वाटी पंपाखाली धरली होती. पदर खोचून ती वाकली, स्पोक खालून अडकवला आणि आटे घट्ट केले. एकदाही चुकली नाही. मग मान वर न करता म्हणाली, "बसा सर. स्टार्टर मारा. मी पाहते."

मी गाडीत बसलो. बॉनेट उघडं असल्यानं समोरचं काही दिसत नव्हतं, ना ती, ना डॉक्टर, ना बाकीचे. मी स्टार्टर मारला. एकदा, दोनदा. वाटी रिकामी होती, इंजिन नुसतं घरघरत होतं. तिसऱ्यांदा मारला, आणि बॉनेटच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"आलं."

पुढचा शब्द ती म्हणाली नाही. गाडी चालू झाली.